पत्रा थांबतो कुठे?

खंडेनवमीला भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुपवाड अशा कुठल्याही एमआयडीसीतल्या लहान फॅब्रिकेशन शेडमध्ये डोकावलं, तर शेड ओळखू येत नाही. मशीन बंद असतात, फरशी धुतलेली असते, बेंडिंग मशीनला झेंडूची माळ आणि वेल्डिंग सेटला हळदकुंकू लागलेलं असतं. आदल्या दिवशीच्या सफाईत काय काय निघालं ते हेल्परला विचारावं. हरवला म्हणून नवा आणलेला आणि आता सापडलेला पंच, पार्टीनं रद्द केलेल्या ऑर्डरचे गंजलेले ब्रॅकेट, ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेले पत्र्याचे तुकडे, एकाच मापाचे पाच पाने. हे सगळं वर्षभर शेडमध्येच होतं. त्यात पैसे अडकले होते, जागाही अडकली होती, आणि रोज ते ओलांडून माणसं ये-जा करत होती.

सफाई हा मात्र या लेखाचा विषय नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आकाराला आलेली आणि ‘लीन मॅन्युफॅक्चरिंग’ या नावानं जगभर गेलेली पद्धत आपल्याकडच्या दहा-वीस माणसांच्या शेडला काय देऊ शकते, हे मला मांडायचं आहे. तिची इथली ओळख बहुतेक वेळा चुकीच्या दारानं झाली. मोठ्या कंपनीचा माणूस व्हेंडर ऑडिटला येणार म्हणून फरशीवर पिवळे पट्टे मारायचे, भिंतीवर सेइरी, सेइतोन, सेइसो असे जपानी शब्द लिहिलेला फलक लावायचा, फोटो काढून फाइलला लावायचे. ऑडिट संपलं की पट्ट्यांवर पुन्हा माल. त्यामुळे मालकांच्या मनात बसलं आहे की हा मोठ्यांचा खेळ आहे. ‘त्यांच्याकडे रोज तीच गाडी बनते. आमच्याकडे आज पॅनेलचा बॉक्स, उद्या कन्व्हेयरची फ्रेम, परवा कुणाचं तरी रेलिंग. आम्हाला हे कसं जमणार?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

उत्तराचा पहिला भाग इतिहासात आहे. टोयोटानं ही पद्धत रचली तेव्हा टोयोटा मोठी नव्हती. १९५० पर्यंतच्या तेरा वर्षांत मिळून तिनं २,६८५ मोटारगाड्या बनवल्या होत्या. त्याच सुमारास फोर्डच्या रूज कारखान्यातून एका दिवसात ७,००० गाड्या बाहेर पडत. युद्धानंतरच्या जपानमध्ये भांडवल नव्हतं, नवी मशीन घ्यायला पैसे नव्हते आणि बाजार लहान होता. लागत मात्र होत्या नाना तऱ्हेच्या गाड्या, त्याही थोड्या थोड्या. या पद्धतीचे जनक ताइइची ओनो तेव्हा टोयोटाचं मशीन शॉप सांभाळत होते. फोर्डसारखे ढीग बनवून ठेवणं त्यांना परवडणारंच नव्हतं. कमी पैसा, कमी जागा, थोडा थोडा आणि वेगवेगळा माल, हे वर्णन भोसरीच्या गाळ्यालाही तंतोतंत लागू पडतं. ही गरिबीत जन्मलेली पद्धत आहे. श्रीमंत कारखान्यांनी ती नंतर उचलली.

आता शेडमध्ये येऊ आणि हिशेबासाठी एक जॉब धरू. २ मिलिमीटर जाडीच्या सीआरसी पत्र्याचे कंट्रोल पॅनेलचे ५० बॉक्स. एका बॉक्सला लेसर कटिंग ५ मिनिटं, बर काढायला ३, बेंडिंग ७, वेल्डिंग १२, ग्राइंडिंग ८. धुलाई, फवारणी आणि भट्टी धरून पावडर कोटिंगला तासभर. म्हणजे एका बॉक्सवर प्रत्यक्ष काम होतं ९५ मिनिटं. पार्टीला तारीख दिलेली असते पंधरा कामाच्या दिवसांची. रोज आठ तासांची एक पाळी धरली तर १२० तास, ७,२०० मिनिटं. त्यांतली ९५ मिनिटं कामाची, म्हणजे दीड टक्काही नाही. उरलेल्या वेळात तो पत्रा नुसता पडून असतो. लेसरवाल्याकडे नंबर लागायचा असतो, टेम्पो भरायचा असतो, बेंडिंगवर दुसऱ्याचा जॉब असतो, वेल्डर सुट्टीवर असतो, कोटिंगवाला म्हणतो हा रंग आठवड्यातून एकदाच लागतो.

हे आकडे तुमच्या शेडमध्ये थोडे वेगळे निघतील, पण प्रमाण फारसं बदलणार नाही. ‘डिलिव्हरी लांबते’ म्हटल्यावर मालकाचं पहिलं लक्ष मशीनकडे जातं. कर्ज काढून नवा लेसर येतो, ५ मिनिटांचं कटिंग ३ मिनिटांत होऊ लागतं, आणि ७,२०० मिनिटांतून २ मिनिटं वाचतात. बेंडिंगपुढचा ढीग मात्र आणखी उंच होतो, कारण आता कापलेला माल लवकर येऊन पडतो. बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो. गेल्या काही वर्षांत किती तरी लहान उद्योजकांची दमछाक या वाटेनं झाली आहे, म्हणून मी हे कळकळीनं सांगतो आहे. मशीन घेण्याआधी पत्रा कुठे थांबतो ते बघा.

थांबण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे लॉट. पन्नासच्या पन्नास कापून झाल्याशिवाय बेंडिंगला द्यायचे नाहीत, पन्नास बेंड झाल्याशिवाय वेल्डरकडे न्यायचे नाहीत, ही आपली रीत. समजा चार टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्याला नगामागे ६ मिनिटं लागतात आणि चारही ठिकाणी वेगळा माणूस आहे. पन्नास एकत्र पुढे सरकवले तर शेवटचा नग हाती यायला १,२०० मिनिटं, म्हणजे वीस तास लागतात. तीच माणसं, तीच मशीन, तोच वेग ठेवून दहा-दहा नग पुढे दिले तर पन्नास नग ४८० मिनिटांत, आठ तासांत पूर्ण होतात. पहिले दहा तर चार तासांत हाती येतात. कुणाला जास्त राबायला लागत नाही. सेटिंगही वाढत नाही, कारण बेंडिंगवर टूल तेच राहतं. फक्त झालेले दहा नग ट्रॉलीवर घालून पुढच्या माणसाकडे ढकलायचे असतात. सेटिंगचा लॉट आणि पुढे सरकवायचा लॉट एकच असला पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही, तरी बहुतेक शेडमध्ये तो एकच असतो.

यातला दुसरा फायदा मला वेळेपेक्षाही मोठा वाटतो. बेंडिंगला माप ठरवणारा बॅकगेज दोन मिलिमीटरनं चुकला तर ते बेंडिंगवर कळत नाही. वेल्डिंगच्या फिक्स्चरमध्ये बॉक्स बसत नाही तेव्हा कळतं. पन्नासचा लॉट असेल तर तोपर्यंत पन्नास बिघडलेले असतात. मग हातोडी, पॅचवर्क, ग्राइंडर आणि रात्रीची जागरणं. दहाचा लॉट असेल तर पहिले दहा वेल्डरच्या हाती पडताच तो ओरडतो आणि बेंडिंगवाला अकराव्या-बाराव्या नगावर थांबतो. भंगारात जाणारा माल थेट एक पंचमांशावर येतो आणि चूक का झाली हेही कळतं, कारण ती ताजी असते.

पत्रा थांबण्याचं दुसरं कारण आहे एकाच वेळी उघडलेले जॉब. पार्टीचा फोन आला की तिचं समाधान करायला जॉब ‘चालू’ करायचा, दोन नग कापायचे आणि ‘काम सुरू आहे’ असं सांगायचं. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: सरासरी किती दिवस लागतात, तर आत असलेली कामं भागिले रोज बाहेर पडणारी कामं. शेडमध्ये ९० जॉब उघडे असतील आणि रोज सरासरी ६ पूर्ण होत असतील, तर नवा येणारा जॉब १५ दिवस घेणार. तुम्ही पार्टीला दहा दिवस सांगितले असले तरी हिशेब पंधराच म्हणतो. उघडे जॉब ४८ वर आणले आणि रोजचे ६ तसेच राहिले, तर ८ दिवस. ऑर्डर नाकारायची नाही, पण सुरू करायला थांबायचं. कागद टेबलावर राहू दे, पत्रा रॅकमध्ये राहू दे, फरशीवर उतरवू नका. शेठ लोकांना हे सर्वांत जड जातं, कारण फरशीवर माल नसला की धंदा मंद आहे असं वाटतं. पण तो माल म्हणजे तुमचेच पैसे आहेत. २५०० बाय १२५० चा २ मिलिमीटर पत्रा भरतो ४९ किलो. असे किती पत्रे अर्धवट कापून पडले आहेत ते एकदा मोजा आणि किलोच्या भावानं गुणा. जो आकडा येईल तेवढ्याचं कॅश क्रेडिटवरचं व्याज तुम्ही दर महिन्याला भरता आहात.

हाच विचार पुढे नेला तर मशीन पूर्ण भरून चालवण्याचा आग्रहही तपासावा लागतो. रांगेच्या गणितातला सगळ्यांत साधा नमुना घेतला, तरी ८० टक्के भरलेल्या मशीनपुढे जॉबला सरासरी स्वतःच्या कामाच्या चौपट वेळ थांबावं लागतं. ९५ टक्के भरलेल्या मशीनपुढे एकोणीसपट. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातले मूळचे भारतीय प्राध्यापक राजन सुरी यांनी नेमका आपल्यासारख्या, रोज वेगळा माल करणाऱ्या कारखान्यांचा अभ्यास केला. १९९८ सालच्या ‘क्विक रिस्पॉन्स मॅन्युफॅक्चरिंग’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की गाडीच्या लाइनसाठीची ठोक्यावर चालणारी पद्धत इथे जशीच्या तशी लावू नये. जॉब आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा काळ कमी करणं हेच ध्येय धरावं आणि महत्त्वाची मशीन ७० ते ८० टक्क्यांपर्यंतच भरावीत. ‘आम्हाला हे कसं जमणार’ या प्रश्नाच्या उत्तराचा हा दुसरा भाग. ओहायो स्टेट विद्यापीठात शिकवलेले शाहरुख इराणी यांनीही जॉब शॉपसाठी, म्हणजे अशाच रोज वेगळा माल करणाऱ्या कारखान्यांसाठी, काम केलं. त्यांचं सांगणं असं की जॉब शंभर प्रकारचे दिसले तरी त्यांचे शेडमधले रस्ते थोडेच असतात. रस्ता सारखा असलेले जॉब एका कुळात घालावेत आणि त्या कुळाची मशीन शेजारी शेजारी आणावीत. आपल्याकडे सगळी ड्रिलं एका भिंतीला आणि सगळे वेल्डिंग सेट दुसऱ्या भिंतीला असतात. पत्रा दिवसभर शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडतो, आणि त्याच्याबरोबर हेल्परही.

पुढे सरकवायच्या लॉटबरोबर सेटिंगचा लॉटही लहान करायचा म्हटला की पहिला अडथळा सेटिंगच्या वेळेचा. तासभर सेटिंग लागत असेल तर दहा नगांसाठी कोण मशीन लावणार? इथे जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची गोष्ट सांगायलाच हवी. १९५० साली ते हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझ्दामध्ये, ८०० टनी प्रेसची डाय बदलताना बघत उभे होते. डाय बसवणारा कामगार मध्येच धावत सुटला. एक बोल्ट सापडत नव्हता. तासाभरानंतर तो बोल्ट घेऊन आला. शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट काढून, कापून, आटे पाडून आणला होता. त्या दुसऱ्या मशीनचं पुढे काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. आपल्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये आज सकाळी घडलेलं असावं असंच हे आहे. शिंगोंनी त्यातून एक भेद केला: मशीन थांबल्यावरच करता येतील अशी कामं वेगळी, आणि मशीन चालू असताना उरकता येतील अशी वेगळी. बोल्ट शोधणं, डाय आणणं, ड्रॉइंग बघणं, पाने गोळा करणं ही सगळी दुसऱ्या प्रकारातली. १९६९ मध्ये टोयोटातली १००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. सहा महिन्यांत ते दीड तासावर आलं, मग व्यवस्थापनानं तीन मिनिटांचं लक्ष्य दिलं आणि तेही गाठलं गेलं.

आपल्या पावर प्रेसवर याचा अर्थ फार साधा होतो. प्रत्येक डायच्या खाली नेमकी किती पॅकिंग लागते हे दर वेळी शोधायचं नाही. पॅकिंगची प्लेट त्या डायलाच कायमची जोडायची, म्हणजे सगळ्या डायची बंद उंची एक होते. क्लॅम्पचे सगळे बोल्ट एकाच मापाचे करायचे, म्हणजे एकच पाना पुरतो आणि तो प्रेसलाच टांगलेला असतो. पुढच्या जॉबची डाय आधीच्या जॉबचे शेवटचे नग निघत असताना ट्रॉलीवर येऊन उभी असली पाहिजे.

बेंडिंग मशीनवर आणखी एक गोष्ट करता येते, ती मला विशेष आवडते कारण तिला एक रुपयाही लागत नाही. जाडीच्या साधारण आठपट व्ही-डाय घ्यायची हे प्रत्येक ऑपरेटरला माहीत असतं; २ मिलिमीटरला १६ ची. साध्या एमएस पत्र्याच्या वाकाची आतली त्रिज्या बहुतेक त्या व्हीवरूनच ठरते, साधारण तिचा सहावा हिस्सा. तरी ड्रॉइंगवर एका भागाला त्रिज्या २, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २.५ लिहिलेली येते आणि ऑपरेटर प्रत्येकासाठी डाय बदलत बसतो. पुष्कळदा तो आकडा डिझायनरनं विचार करून घातलेलाच नसतो, कॉम्प्युटरवर आधीपासून पडलेला असतो. पार्टीच्या डिझाइनवाल्याला एक फोन करून ‘२ मिलिमीटरला सगळीकडे हीच त्रिज्या चालेल का’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा होकार येतो आणि दिवसाच्या कित्येक सेटिंग गळून पडतात. लहान उद्योजक पार्टीला प्रश्न विचारायला घाबरतो. घाबरू नये, कारण या प्रश्नात पार्टीचाही फायदा आहे.

प्रेसचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट ठासून सांगायला हवी. नग लवकर निघावेत म्हणून गार्ड काढून ठेवणं, दोन हातांच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीनं दाबून ठेवणं, सेन्सर बंद करणं, याला कुणी सुधारणा म्हणत असेल तर ते पाप आहे. सेफ इन इंडिया फाउंडेशन २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढतं. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत बोटं गमावलेल्या कामगारांची नोंद त्यांत आहे आणि पावर प्रेस हे त्या दुखापतींचं मोठं कारण आहे. ज्या हातानं सुधारणा करायची तो हातच जात असेल, तर बाकीचे सगळे हिशेब फाडून टाकावेत.

या साऱ्याचं गमक माणसापाशी आहे, आणि इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. कुठला बोल्ट सापडत नाही, कुठल्या डायला किती पॅकिंग लागते, कुठल्या ड्रॉइंगमधलं माप नेहमी चुकीचं येतं, हे सल्लागाराला माहीत नसतं, मालकालाही पुरतं माहीत नसतं. ते माहीत असतं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा किंवा मराठवाड्यातून आलेल्या आणि ठेकेदाराच्या पटावर असलेल्या माणसाला. त्याला कुणी विचारत नाही. विचारलं तरी तो का सांगेल? काम सोपं झालं की दोन माणसं कमी होतील, हे त्याला आपल्यापेक्षा आधी कळतं. टोयोटातही हा प्रश्न आला होता. १९५० मध्ये कंपनी बुडायला आली, कामगारकपात ठरली, एप्रिल ते जून संप चालला आणि संस्थापक किइचिरो तोयोदा यांनी राजीनामा दिला. ओनोंची पद्धत वाढली ती त्यानंतर, उरलेल्या कामगारांना नोकरीची शाश्वती मिळाल्यावर. ही शाश्वती बाजूला ठेवून फक्त फलक आणि पट्टे उचलले तर पद्धतीचा सांगाडा तेवढा हाती येतो.

म्हणून मालकानं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायला हवं की सुधारणेमुळे कुणाचंही काम जाणार नाही, आणि ते पाळायला हवं. नगावर मजुरी देणाऱ्यांनी ती पद्धतही बदलायला हवी. नगावर पैसे मिळत असतील तर बेंडिंगवाला ढीगच करणार. पुढच्याला आज कोणता माल हवा आहे याच्याशी त्याला काय देणंघेणं? मजुरी पाळीची द्या आणि वेळेत गेलेल्या, परत न आलेल्या मालावर सगळ्यांना मिळून बक्षीस द्या. कामाची पद्धत भिंतीवर लावायची तर ती फोटोंत आणि हिंदी-मराठीत लावा. इंग्रजीतली फाइल ऑडिटसाठी असते, माणसांसाठी नाही.

बाहेरची मदत उपलब्ध आहे. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयानं २००९ च्या सुमारास लीनची पहिली योजना आणली. तीत लहान उद्योगांचा गट करावा लागे. १० मार्च २०२३ ला ‘एमएसएमई काँपिटिटिव्ह (लीन)’ या नावानं ती नव्यानं सुरू झाली. उद्यम नोंदणी असलेल्या उद्योगाला बेसिक, इंटरमीडिएट आणि अॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या चढता येतात. सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं. महिला किंवा अनुसूचित जाती-जमातींतल्या उद्योजकांच्या मालकीचा उद्योग असेल तर आणखी ५ टक्के. योजना चांगली आहे. प्रमाणपत्रासाठी घेतली तर तिचा पुन्हा पिवळा पट्टा होईल, एवढाच धोका.

मोठ्या कंपन्यांनाही काही सांगायला हवं. व्हेंडरकडे ऑडिटर पाठवून ‘साठा कमी करा’ म्हणायचं आणि स्वतःचा साठा त्याच्या शेडमध्ये ठेवायला लावायचा. ‘वेळ वाया घालवू नका’ म्हणायचं आणि बिल चार-चार महिने अडकवायचं, हे चालणार नाही. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला सांगितलं आहे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यानुसार २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेल्या पैशांची वजावटही त्या वर्षी मिळत नाही. पत्रा पंधरा दिवस थांबतो ते शेडच्या आतलं थांबणं, त्याला मालक जबाबदार. माल पोचल्यावर पैसा थांबतो त्याला खरेदी विभाग जबाबदार. शेडनं आपला पंधरवडा आठवड्यावर आणला तरी पैसा चार महिन्यांनीच येणार असेल, तर त्या मेहनतीचं फळ दुसऱ्याच्या खात्यात पडून राहतं.

दिवाळीची सुट्टी संपवून शेड उघडाल तेव्हा नवं मशीन, सल्लागार, फलक यांतलं काही आधी आणू नका. नेहमी येणारा एक जॉब निवडा. त्याच्या जॉबकार्डावर प्रत्येक टप्प्यासमोर तीन वेळांची नोंद करायला सांगा: माल आला कधी, काम सुरू झालं कधी, संपलं कधी. लिहिणारा माणूस त्या टप्प्यावर काम करणाराच असू द्या. जॉब डिस्पॅच झाला की ते कार्ड घेऊन सगळ्यांबरोबर चहाला बसा, सर्वांत जास्त वेळ पत्रा कुठे थांबला ते त्यांनाच विचारा, आणि त्यांनी सुचवलेला पहिला बदल त्याच आठवड्यात करा.